रविवारी तुटलेला दात

समोरचा एक नवा दात बसला, तर बटणवालीचा फायदा असा होता: मागच्या खोलीतून पुढच्या काउंटरवर बदली, स्टुलाऐवजी पाठीची खुर्ची, पगार सव्वापट, आणि दिवसभर कोटांच्या काजांकडे बघत बसण्याऐवजी माणसांच्या तोंडाकडे बघायची सोय. दात बसला नाही, तर यातलं काहीच नाही. कपडे शिवायच्या त्या कारखान्याच्या मालकाने स्पष्टच सांगून टाकलं होतं, "बाई, काउंटर तुमचंच. पण एक तारखेपर्यंत तोंडाचं काहीतरी करा. गिऱ्हाईक येतं ते कपडे शिवायला, खिंडार बघायला नाही."

हे खिंडार पडायला बावीस वर्षं लागली होती. बटण लावून झालं की धागा दाताने तोडायचा, ही कारखान्याची रीत. कात्र्या नव्हत्या असं नाही. होत्या, मालकाच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. सही करून घ्यायची, संध्याकाळी परत करायची, हरवली तर पगारातून वळती. दात हरवला तर पगार कापायची तरतूद नव्हती, म्हणून सगळ्या बायका बिनघोर दात वापरत. होता होता बटणवालीच्या दाताला सुई टेकवून ठेवावी अशी खाच पडली, आणि एका रविवारी संध्याकाळी, घरी, नणंदेच्या कोटाचं बटण फुकटात लावून देताना दात त्या खाचेतच कटकन मोडला. मूळ तेवढं आत राहिलं.

नणंदेने आधी विचारलं, "बटण लागलं ना?"

मग तिला दया आली. नणंद पोस्टातून निवृत्त झालेली. छापलेला कागद दिसला की वाचल्याशिवाय सोडायची नाही. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा दुष्परिणामांसकट वाचायची. तिने लंगड्या कपाटाच्या पायाखाली घातलेली सामाजिक विम्याची पुस्तिका ओढून काढली. कपाट कलंडलं, पण ते नंतर बघू म्हणाली.

"ऐका वहिनी. दात काढणे, फुकट. दात भरणे, फुकट. हिरड्यांवर उपचार, फुकट. वर्षातून एकदा दात साफ करून मिळतील, तेही फुकट."

"आणि बसवून?"

"थांबा हो, पान चिकटलंय. हं. ‘कृत्रिम दात ही शोभेची बाब असल्याने लाभात समाविष्ट नाही.’"

"म्हणजे बत्तीसच्या बत्तीस काढून देतील, बसवणार एकही नाही?"

"तोंड मोकळं करून देतात, हे काय कमी आहे?" नणंदेचं बोट खाली सरकलं आणि थांबलं. "अपवाद आहे! कामावर अपघात होऊन दात गेला, तर नवा दात विम्याकडून. पूर्ण."

"पण हा घरी गेला. तुमच्या कोटापायी."

नणंदेने चष्म्यावरून बघितलं. "माझा कोट कशाला मध्ये? बावीस वर्षं दात झिजवला कुणी? मालकाने. शेवटचा धागा तेवढा माझा. तो मी सोडून देते." आणि तिने टपोऱ्या अक्षरात अर्ज भरलासुद्धा: सोमवार, सकाळी दहा, कारखान्यात.

अर्ज बटणवालीने दोन दिवस पिशवीतच फिरवला. घोळ असा होता की, असा एक जरी अपघात मंजूर झाला तरी मालकाला तीन वर्षं विम्याचा जादा हप्ता भरावा लागायचा. तेही पुस्तिकेतच होतं, बारीक टायपात. म्हणजे काउंटरसाठी दात हवा, दातासाठी मालकावर बोट दाखवायला हवं, आणि काउंटर तर मालकाच्याच हातात. तिसऱ्या दिवशी ती विम्याच्या दवाखान्यात गेली, रांगेत उभं राहून मूळ काढून घेतलं, आणि नवा दात पदरचे पैसे देऊन बसवला तर किती पडतील ते डॉक्टरला विचारलं. तिचे तीन पगार. ती तशीच विमा कार्यालयात गेली आणि अर्ज खिडकीत सरकवला.

आठवड्याने विम्याचा निरीक्षक आला. सुटसुटीत माणूस, खिशात टॉर्च. मालक त्याच्या मागे मागे.

"साहेब, हिची मेली सवय! मी कात्र्या दिल्यात, बिल आहे माझ्याकडे!" त्याने तावातावाने ड्रॉवर उघडला. अकरा जणींच्या अकरा कात्र्या आत होत्या. एकही कागदातून बाहेर आलेली नव्हती.

निरीक्षकाने कात्र्यांकडे बघितलं, मालकाकडे बघितलं, आणि म्हणाला, "सगळ्यांना ओळीत उभं करा. आ करा बायांनो."

अकरा बायका आ करून उभ्या राहिल्या. निरीक्षक टॉर्च घेऊन प्रत्येकीच्या तोंडात डोकावत गेला, आणि जसजसा पुढे गेला तसतसा त्याचा चेहरा खुलत गेला. नोकरीत आजवर त्याच्या वाट्याला कंबरदुखीचे अर्ज सोडून काही आलं नव्हतं.

"सहा खाचा, एक खिंडार! सगळं एकाच बाजूला!"

"त्यांची ठेवणच तशी असेल, साहेब."

"सात जणींची? बहिणी आहेत का?"

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. आज एक अर्ज, उद्या सात. त्याने बटणवालीला इस्त्रीच्या टेबलामागे ओढून नेलं.

"बाई, हे काय चालवलंय? अर्ज मागे घ्या. काउंटर दिलं म्हणून समजा. दात नसला तरी चालेल."

"मला नाही चालणार. हसू कशी मी?"

"हसायचं कशाला? पावत्या फाडायच्यात!"

"तुम्हीच म्हणालात ना खिंडार म्हणून?"

मालकाने दातओठ खाल्ले. त्याचे सगळे जागच्या जागी होते. "बरं. दात मी बसवून देतो. जाऊन सांगा त्याला, कामावर तुटला नाही म्हणून."

"आधी डॉक्टरला फोन करा. पैसे आत्ताच भरा. पावती माझ्या नावाची."

पैसे भरल्याचा निरोप डॉक्टरकडून बटणवालीच्या फोनवर आला. तिने तो दोनदा वाचला, पदर सारखा केला, आणि निरीक्षकापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, अर्जातला वार चुकलाय. दात सोमवारी नाही तुटला. रविवारी, घरी. नणंदेच्या कोटाचं बटण लावत होते. हवं तर तिला विचारा, बटण अजून घट्ट आहे."

निरीक्षक हिरमुसला. "नक्की?"

"अगदी नक्की."

त्याने अपघाताच्या रकान्यावर काट मारली. मालक तिच्या कानाशी कुजबुजला, "मानलं बाई तुम्हाला. इतकं सफाईदार खोटं मी जन्मात ऐकलं नाही."

बटणवालीने फोन पिशवीत टाकला. माणूस पूर्ण किंमत मोजून अस्सल माल घेतो आणि नकली मिळाला म्हणून खूश होतो, तर आपण कशाला त्याचा आनंद घालवायचा?

इकडे ओळीतल्या बायका अजून आ करूनच उभ्या होत्या, कारण मिटा असं कुणी सांगितलं नव्हतं. निरीक्षकाला त्यांची कीव आली. "मिटा आता. आणि त्या खाचा भरून घ्या, मोडायच्या आत. फुकट आहे."

"कधीपासून?" एकीने विचारलं.

"पहिल्यापासून."

"मग दर महिन्याला पगारातून कापतात ते...?"

"त्याचसाठी."

पुढची पाच मिनिटं तिथे कुणाचं कुणाला ऐकू आलं नाही. त्या गलक्यात निरीक्षक निघून गेला.

सहाही जणी एकाच दिवशी दवाखान्यात जाऊन बसल्या. डॉक्टरने खाचा भरल्या आणि दम भरला, "या दाताने धागा तोडलात तर मसाला निघेल, आणि फुकटात पुन्हा दोन वर्षांनी." दुसऱ्या दिवशी सहा जणी मालकाच्या ड्रॉवरपुढे हात पसरून उभ्या राहिल्या. सही करायला मात्र एकही तयार होईना. दुपारपर्यंत एकाही कोटाला बटण लागलं नाही, तेव्हा कुलूप उघडलं.

एक तारखेला बटणवाली काउंटरवर बसली. खुर्चीला पाठ होती. समोर दरांचा नवा फलक होता, शाई नुकती वाळलेली, आणि गिऱ्हाइकांना वाढलेले दर गोड तोंडाने सांगायचे, हे तिचं पहिलं काम.

शेवटी कुणाच्या खिशातून काय गेलं, ते असं. मूळ काढायचा आणि सहा खाचा भरायचा खर्च विम्याने केला, म्हणजे बायकांनीच केला; बटणवालीचे एकटीचेच दोनशे चौसष्ट हप्ते त्यात जमा होते. नवा दात मालकाने दिला, आणि पँट आखूड करण्याच्या वाढीव दरातून सहा आठवड्यांत वसूल केला. त्यानंतर दर उतरवायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. वाढीव दराचे पहिले पैसे एका कॉलेजच्या मुलीने दिले, एका पँटचे. दर ऐकून ती कुरकुरणार होती, पण बटणवाली आधी हसली, म्हणून तीही हसली आणि पैसे मोजून गेली.