गटातली चौथी

त्या पंधरवड्यात अख्खा देश पदकांनी झपाटला होता. शेजारी देशांच्या क्रीडास्पर्धेचं यजमानपद पहिल्यांदाच मिळालेलं, आणि यजमानाला आपल्या ताटात हवं ते वाढून घेता येतं हे आपल्या लोकांच्या चटकन लक्षात आलं. ज्या खेळांत आपण दरवेळी सपाटून मार खायचो ते ‘सोयीअभावी’ गाळले गेले. ज्यांत शेजारचे देश कशीबशी दोनतीन माणसं पाठवतात, त्यांचे गट वाढले. याला कोणी लबाडी म्हटलं नाही, नियोजन म्हटलं. चौकातल्या मोठ्या फलकावर पदकांचा आकडा वाढला की बसवाले हॉर्न वाजवत. ज्यांनी उभ्या जन्मात मैदानाचं तोंड पाहिलं नव्हतं तेसुद्धा ‘आपण जिंकलो’ म्हणत छाती फुगवून फिरत.

मुलींना कुस्ती शिकवणाऱ्या मास्तरच्या डोक्यातही हेच वारं शिरलं होतं, आणि त्याला कारण होतं तोफ. ही त्याची पट्टशिष्या. तिच्या वजनगटात तिला हात लावू शकेल अशी कोणी आलीच नव्हती. अडचण वेगळीच निघाली. गटात निदान चार जणी मॅटवर उतरल्या तरच त्या गटाची पदकं तक्त्यात धरायची, असा स्पर्धेचा नियम. परदेशातून आल्या होत्या दोघी. तोफ तिसरी. चौथीही आपलीच होती, पण ती ऐन वेळी तापाने फणफणली. राखीव म्हणून नाव दिलेली आता एकच मुलगी उरली, आणि ती मास्तरची स्वतःची लेक होती.

लहानपणी वाळकी म्हणून तिला काडी म्हणत. पुढे खांदे भरले तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. काडी तोफेच्या पासंगालाही पुरणारी नव्हती, हे मास्तर चारचौघांत बोलून दाखवायचा. मात्र तिची पाठ मॅटला टेकवताना भल्याभल्यांचा घाम निघायचा. त्यामागे घरातला एक खेळ होता. ती चालायला लागल्यापासून कुठेही उताणी पडलेली दिसली की बाप ओरडायचा, ‘पाठ!’ की लगेच ही टाचा आणि डोकं जमिनीत रोवून अंगाची कमान करायची. पुस्तक वाचताना, हसून लोळताना, एकदा तर चक्क गाढ झोपेत. आई वैतागायची, “पोरीला सुखाने आडवं तरी होऊ द्या!” आणि बाप-लेक खिदळत बसायचे.

महिन्याभरापूर्वी सरावात काडी मानेवर पडली. मान दोन दिवस दुखली आणि राहिली, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मग एकदा आईने सुई ओवायला दिली. आई शिवणकाम करायची, आणि घरात सुया ओवायचं काम कायम काडीकडे. त्या दिवशी दोरा तिच्या बोटांतून निसटतच राहिला.

“अंगठा बधिर झालाय गं, आई,” ती हसत म्हणाली.

आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी बाप तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर मणका दाखवला आणि सरळ सांगितलं, “मानेला आणखी एक हिसका बसला, तर माझ्या हातात काही राहणार नाही. हा मानेचा पट्टा काढायचा नाही.” मास्तरने मान डोलावली. त्याने ते नीट ऐकलं होतं. हे मुद्दाम सांगितलेलं बरं, कारण पुढे लोक म्हणायला लागले की बिचाऱ्याला कल्पनाच नव्हती.

संघाचा मॅनेजर हॉलमध्ये आला तेव्हा मास्तर मॅट पुसून घेत होता.

“मास्तर, तोफेचं सोनं वाया घालवणार का?”

“काडीला डॉक्टरांनी मनाई केलीय, साहेब.”

“तिला लढायला कोण सांगतंय? उतरायचं, हात मिळवायचा, पडायचं, घरी जायचं. चौघींतल्या पहिल्या फेरीत हरलेल्या दोघींनाही कांस्य मिळतंच. म्हणजे एका दगडात दोन. विक्रम व्हायला दोनच कमी आहेत, कळतंय ना? डॉक्टरी तपासणीचं मी बघतो.” आणि जाता जाता खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तुम्हाला कायम करायचं माझ्या डोक्यात आहेच.”

मास्तरला नोकरीची हाव सुटली असं म्हणणं सोपं आहे. थोडी सुटलीही असेल. पण त्याहून मोठी हाव दुसरी होती: आपल्या काडीच्या गळ्यात एकदा तरी पदक दिसावं. तिला ते कधीच मिळणार नाही हे त्याने मनोमन कबूल केलं होतं, आणि आता ते नुसतं पडून मिळत होतं.

घरी हे ऐकल्यावर बायकोने हातातलं कापड खाली ठेवलं.

“अक्कल गहाण ठेवलीत का?”

“अगं, ती लढणारच नाहीये.”

“तुमची मुलगी आणि न लढता पडणार? तुम्ही पडू दिलंय का तिला कधी?”

“आई, मी पडेन गं,” काडी मध्येच म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “फुलासारखी पडेन. बाबा, मला तो देशाचा पोशाख मिळेल ना?”

मिळाला. खांद्यात थोडा सैल होता, तो आईने आत घेऊन दिला.

हॉल खच्चून भरला होता. पट्टा उतरवून काडीने तो बापाच्या हातात दिला. समोर शेजारच्या देशाची गोल चेहऱ्याची, भांबावलेली मुलगी होती. बापाने काडीच्या कानात शेवटचं सांगितलं, “पहिल्याच पकडीला अंग सोडून दे. बाजूला वळून पड. बस्स.” तिने शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

आणि ती पडलीही. त्या मुलीने कंबर धरली, काडीने अंग सैल सोडलं, एका कुशीवर अलगद खाली आली. मग वळून उताणी होऊ लागली. आता दोन्ही खांदे टेकले की संपलं. मास्तर मॅटच्या कडेला गुडघ्यावर बसला होता. त्याने लेकीला उताणी होताना पाहिलं, आणि इतकी वर्षं जे तोंडातून आपोआप निघत आलं होतं तेच निघालं.

“पाठ!”

लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते. कोणाला काय ऐकू आलं असेल देव जाणे. काडीला ऐकू आलं. तिने टाचा रोवल्या, डोकं रोवलं, तिच्या अंगाची कमान वर उचलली गेली, आणि वरच्या मुलीचं सगळं वजन त्या मानेवर आलं. आवाज फारसा झाला नाही. गोल चेहऱ्याची मुलगी घाबरून बाजूला झाली. काडी तशीच पडून राहिली, डोळे उघडे ठेवून.

नियम पाळला गेला होता. चार जणी मॅटवर उतरल्या होत्या. तोफेने रडत रडत अंतिम कुस्ती मारली आणि कोपऱ्यात येऊन मास्तरला शोधलं, तर मास्तर तिथे नव्हता. चौकात फलकावर आकडा पालटला. विक्रम झाला. बसवाल्यांनी इतका वेळ हॉर्न वाजवले की रुग्णवाहिकेचा भोंगा कोणाला ऐकूच गेला नाही.

दोन दिवसांनी मॅनेजर रुग्णालयात आला, बरोबर एक फोटोवाला. कांस्यपदक त्याने स्वतःच काडीच्या छातीवर ठेवलं. फोटोवाल्याने एक डोळा मिटून पाहिलं आणि कुरकुरला, “झोपलेली बरी नाही दिसत हो. जरा उठवून बसवता येईल?”

“नाही,” मास्तर म्हणाला. आई उठली, पदक उचललं, मॅनेजरच्या हातात दिलं आणि दार उघडून उभी राहिली. त्यांना जावं लागलं.

सकाळीच डॉक्टरीणबाई येऊन गेल्या होत्या. टाचणी घेऊन त्यांनी तळव्यापासून वरपर्यंत टोचून पाहिलं. काडी प्रत्येक वेळी छताकडे बघत “नाही” म्हणत गेली. नंतर बाई मास्तरला बाहेर घेऊन गेल्या, पण त्याला दोष देणारं काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

आता तो लेकीच्या उशाशी बसला होता. समोरच्या खुर्चीत आई, तिचे हात मांडीवर नुसतेच पडलेले. काडी म्हणाली, “बाबा, रागावलात? तुम्ही पडायला सांगितलं होतं.”

आईने नवऱ्याकडे पाहिलं. ती तेव्हा प्रेक्षकांत पहिल्याच रांगेत होती.

“तुमचा आवाज आला ना, मग राहवलंच नाही मला,” काडी म्हणाली. मग लहानपणी गोष्ट सांगायला लावायची त्याच लाडिक सुरात म्हणाली, “बाबा, एकदा ओरडून बघा ना.”

“नको गं राणी.”

“एकदाच. कदाचित उठेन.”

त्याने बायकोकडे पाहिलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तो वाकला, आणि शब्द तोंडातून बाहेर काढायला त्याला सगळा जोर लावावा लागला.

“पाठ.”

काडीने डोळे गच्च मिटले, दात आवळले. कपाळावर शीर उभी राहिली, चेहरा लाल झाला. गळ्यापासून खाली चादरीची एक सुरकुतीही हलली नाही.

“जोरात, बाबा,” ती म्हणाली.