सात्रियसचा शिक्का

कापुआजवळच्या आपल्या द्राक्षमळ्यात नुमिसिया कमरेवर हात ठेवून उभी होती. जमिनीत पुरलेल्या दहाही रांजणांवर सात्रियस व्यापाऱ्याचा शिक्का होता. वसंतात त्याने वाइन चाखली, पसंत केली आणि झाकणांच्या चिकणमातीवर अंगठी दाबली. त्या घटकेपासून वाइन आंबली तरी नुकसान त्याचं. या जोखमीला वकील मंडळी ऐटीत पेरिकुलुम म्हणत. पण माल उचलायची मुदत टळली तरी सात्रियसचा पत्ता नव्हता. इकडे वेलींवर द्राक्षं पिकून फुटायला आली होती, आणि रांजण रिकामे झाल्याशिवाय नवा रस ठेवायचा कुठे?

"साक्षीदारांसमोर निरोप धाडलायस ना?" शेजारचा म्हातारा हेरेनियस म्हणाला. "मग मोज आणि दे ओतून! कायदा तुझ्या बाजूने आहे."

"काका, पोटच्या पोरासारखी जपलीय. मातीत ओतू?"

"मग नवी द्राक्षं घाल मुंग्यांना!"

"तुमचे जुने रांजण रिकामेच आहेत ना?"

म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. "वेडी की काय! शिक्का तोडलास की जोखीम तुझ्या गळ्यात. आंबली तर तो म्हणेल, हिनेच बदलली."

"म्हणू दे."

तिने त्याचे रांजण भाड्याने घेतले, घासले, आतून राळ लावली आणि साक्षीदारांदेखत शिक्के तोडून वाइन त्यांत हलवली. नवा रस वेळेवर भरला गेला, पण तिला अन्न गोड लागेना. दिवसातून चारदा ती झाकणाला नाक लावून यायची. घाबरली होती, खोटं कशाला सांगा.

दहाव्या दिवशी सात्रियस आला. काठी टेकत, तापाने अर्धा झालेला.

"ओतली असशील," तो म्हणाला. "तुझा दोष नाही, बाई. चूक माझीच."

तिने त्याला हेरेनियसच्या अंगणात नेलं, काही न लपवता सगळं सांगितलं आणि पेला पुढे केला. "चाखून बघा. आंबली असेल तर जोखीम माझी."

सात्रियसने पेला घेतलाच नाही. राळेने काळे पडलेले तिचे हात तो बघत राहिला. मग त्याने अंगठी काढली. "काका, साक्षीला या. न चाखता घेतोय. जोखीम माझी."

"अहो, एक घोट तरी!" नुमिसियाचे डोळे भरून आले.

त्याने झाकणावरची माती ओली करून शिक्का दाबलासुद्धा.

पेला तसाच राहिला होता. हेरेनियसने तो उचलून तोंडाला लावला. दोघं श्वास रोखून बघत राहिले. म्हाताऱ्याने शेवटचा थेंबही सोडला नाही.

"भाडं नको मला," मिशा पुसत तो म्हणाला. "माझ्या रांजणांनी जन्मात एवढं सुख पाहिलं नव्हतं."