अकरापैकी नऊ कोऱ्या

"हीपण कोरी!" ताईने काच उजेडात धरली, उलटसुलट केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा सरकवली. "दोन आठवड्यांत अकरा काचा, त्यातल्या नऊ कोऱ्या. असं कधी होतं का गं?"

तिच्या हाताखालची नवी मदतनीस, धाकटी, पलीकडच्या टेबलावर चिठ्ठ्या चिकटवत होती. "नसेल झालं, ताई," एवढंच म्हणाली. ते 'नसेल' ताईच्या मनात कुसळासारखं रुतलं.

चोवीस वर्षं ताई या प्रयोगशाळेत स्तनातल्या गाठींच्या पातळ चकत्या काचेवर रंगवत होती. पेशीच्या केंद्रात रिसेप्टर नावाचं एक प्रथिन असतं. शरीरातलं हार्मोन त्याला येऊन चिकटलं की ते जनुकांवर जाऊन बसतं आणि त्यांना कामाला जुंपतं. मग गाठ वाढू लागते. हे प्रथिन असलं तर केंद्रं तपकिरी दिसतात. अशा बाईला रोजची एक गोळी पुरते. ती हार्मोनची जागा आधीच अडवून बसते आणि जनुकं गप्प राहतात. काच कोरी निघाली तर गोळीचा उपयोग नाही, नुसती जड औषधं. दहातल्या सात तरी काचा तपकिरी निघायच्या. म्हणून ताईने नऊही कोऱ्या काचा पुन्हा एकदा तपासल्या.

संशय कुणाचा घ्यायचा, याचा तिला विचारही करावा लागला नाही. धाकटी येऊन दोनच महिने झाले होते. ताईचा स्वभावच असा, की मनगटावरचं घड्याळ ती रोज भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघे आणि दोन्हींवर विश्वास ठेवत नसे. त्यात दोन-अडीच आठवड्यांपूर्वी धाकटीच्या हातून मांस टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनचा डबा सांडला. त्याच दिवशी ताईने फॉर्मॅलिनच्या कपाटाची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

आता ती धाकटीच्या मागे सावलीसारखी फिरू लागली. काचा उकळत्या द्रावणात किती मिनिटं ठेवते, रंग किती थेंब टाकते, सगळं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. काही सापडेना. तसा संशय आणखी वाढला. 'मी बघते तेव्हा नीट करते, बया!'

शेवटी ती डॉक्टरांकडे गेली. "सर, ही पोरगी कुठंतरी टाळाटाळ करतेय."

डॉक्टरांनी काच बराच वेळ पाहिली. "ताई, गाठ सोडा. तिच्या शेजारची ही निरोगी दूधनळी बघा. हिच्यात रिसेप्टर असायलाच हवा. हीसुद्धा कोरी आहे."

"मग रंगच बिघडला म्हणायचा."

"नाही ना! त्याच काचेवर आपण रंग तपासायला लावलेला जुना तुकडा बघा, कसा झकास तपकिरी आलाय. रंगवणारीने चोख काम केलंय. मांस त्याआधीच खराब झालंय. शस्त्रक्रियेतून आलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये पडायला उशीर झाला, की हे प्रथिन आपोआप विरतं. दुपारी गाठी कोण उतरवून घेतं?"

"तीच!" ताई जवळजवळ आनंदाने म्हणाली. दुपारी एक ते तीन ताई स्वतः अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना भरवायला घरी जात असे.

धाकटी जेवायला गेल्यावर ताईने तिच्या खणातली वही काढली. बारीक, सरळ अक्षर होतं. 'गाठ आली १.१०. कपाट बंद. ताई आल्या ३.१०. फॉर्मॅलिनमध्ये ३.४०.' खाली दुसऱ्या दिवसाची तशीच ओळ. मग तिसऱ्या दिवसाची. अशा नऊ ओळी होत्या. उरलेल्या दोन गाठी सकाळी, ताई असताना आल्या होत्या.

ताईने पर्समधली किल्ली काढून टेबलावर ठेवली. गाठ एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये पडली पाहिजे, हा नियम तिला पाठ होता. तिनेच तो धाकटीला शिकवला होता. किल्ली पर्समध्ये गेली त्याच आठवड्यात धाकटी म्हणालीही होती, "किल्ली ठेवून जाता का?" आणि ताई फिसकारली होती, "तासाभराने काय आभाळ कोसळतंय?"

धाकटी दारात उभी होती.

"मला ओरडून का नाही सांगितलंस?"

"ओरडले असते तर ऐकलं असतं तुम्ही?"

त्याच दुपारी तिने डॉक्टरांसमोर सगळं मोठ्या नोंदवहीत लिहिलं, स्वतःच्या नावानिशी. मग दोघींनी जुनी खोकी उपसली. नऊपैकी आठ बायकांच्या गाठीतून शस्त्रक्रियेपूर्वी सुईने काढलेले तुकडे निघाले. ते वेळेत फॉर्मॅलिनमध्ये पडले होते. रंगवल्यावर पाच लख्ख तपकिरी आले. तिघींचे खरोखरच कोरे होते.

नववीचा तुकडाच नव्हता. तिची गाठ इवलीशी, थेट काढलेली.

"मी बोलतो तिच्याशी," डॉक्टर म्हणाले.

"नको सर. माझ्या हातून झालंय."

ती बाई शिवणकाम करणारी होती, पन्नाशीची, डोक्याला रुमाल बांधलेली. ताईने उभ्यानेच सगळं सांगितलं. किल्लीचंही.

"म्हणजे माझ्यात ते होतं की नव्हतं, कधीच कळणार नाही?"

"नाही. डॉक्टर गोळी देणार आहेत. लागू पडेल की नाही, ते मात्र सांगता येत नाही."

"माझ्याकडनं कापड चुकीचं कापलं गेलं, तर मी गिऱ्हाइकाला दुसरं आणून देते."

"हो," ताई म्हणाली.

बाईने तिच्याकडे रोखून पाहिलं. "हे सगळं कागदावर लिहून द्या. उद्या तुम्ही नाही म्हणाल."

ताईने लिहून दिलं. बाईने ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली.

"सही कळत नाही. नाव नीट लिहा."

ताईने सहीखाली एकेक अक्षर सुटं करून नाव लिहिलं. बाईने कागद पुन्हा हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. ताई समोर उभी राहिली.