अळ्यांचं विरजण

त्या वर्षी वलगावात ज्याच्या त्याच्या तोंडी कापूस. विलायतेला कापूस पुरेना, म्हणून लोकांनी ज्वारीची वावरंसुद्धा कापसाखाली घातली होती. गंगूबाईनं मात्र नवऱ्याशी भांडून पेढी नदीकाठचा गाळाचा तुकडा राखला आणि त्यात बटाटे लावले.

"आलू काय अंगावर नेसशीन?" खुशालराव म्हणाला.

"मंग तुमी कापूस रांधून खा!"

पौषात झाडं माना टाकू लागली. गंगूबाईनं एक उपटून पाहिलं, तर मुळाशी हुमणीची पांढरी लठ्ठ अळी बटाटा कुरतडत बसलेली. वेचून वेचून तिची बोटं सोलली, तरी अळ्या सरेनात. पाटाच्या कडेला, सावलीतल्या ओल्या सरीत मात्र वेगळाच प्रकार. तिथल्या अळ्या वाळक्या शेंगेसारख्या कडक होऊन मेलेल्या, अंगावर हिरवट बुरशी. आणि बटाटे धड!

कवडीभर दह्यानं भांडंभर दूध विरजतं, तसं हे एकीचं दुसरीला लागत असेल का? तिनं गाडग्यात ओली माती घातली, दहा जित्या अळ्या सोडल्या, तीन बुरशीच्या टाकल्या आणि वर फडकं बांधून गाडगं कोनाड्यात ठेवलं.

बाराव्या दिवशी घरात आरोळी उठली. खुशालरावानं लोणचं समजून आत हात घातला होता.

"काय वं हे? मले मारून राहिली का?"

"हात झटकू नोका! जित्या किती हायेत, ते सांगा आधी."

त्यानं तोंड वाकडं करून एकेक अळी बाहेर काढली. "एकबी नाही. साऱ्या लाकूड झाल्या."

गंगूबाईनं आनंदानं टाळीच वाजवली.

मग शेतातल्या बुरशीच्या अळ्या गोळा करून तिनं त्या चुरल्या, घागरीत कालवल्या आणि ते पाणी सांजच्याला सरीसरीतून ओतलं. ओल मोडू दिली नाही. पहिल्या दिवशी नाक धरून मागे उभा राहिलेला खुशालराव आठवड्यानं स्वतःच माती उकरून कडक अळ्या शोधू लागला. चार सऱ्या हातच्या गेल्याच. पण बाकीच्या सऱ्यांनी फाल्गुनात टोपल्या भरल्या.

वांग्यांना हुमणी लागली, म्हणून शेजारची पार्वताबाई वाटी घेऊन आली. "गंगू, थोडं विरजण दे वं."

गंगूबाई उठायच्या आत खुशालरावच पुढे झाला. "वहिनी, उन्हात टाकू नोका बरं. ओल पायजे. धीर पायजे. हे असं हाय..."

तो बोलतच सुटला. शेवटी गंगूबाईनं दोघांपुढे उकडलेले बटाटे आणि मीठ ठेवलं, तेव्हा कुठे पार्वताबाईची सुटका झाली.