जेवताना सोबत कोण?

“रात्री झोप लागते का? रोज, कधी कधी, का कधीच न्हाई?” मी विचारलं.

समोर बसलेली लुंबिनी म्हणाली, “लागते.”

“उगाच रडू येतं का?”

“न्हाई.”

असे वीस प्रश्न. आमचे सुदर्शन डॉक्टर मागच्या महिन्यात हैदराबादची कॉन्फरन्स करून आले आणि त्यांनी हा कागद छापून घेतला. पोट आणि मेंदू आतून जोडलेले आहेत, आतड्यातल्या जंतूंचासुद्धा मनाशी संबंध असतो, म्हणून पोटाच्या प्रत्येक पेशंटला मनाचं विचारायचं, असा हुकूम निघाला. विचारायचं कुणी? गुंडप्पाने. तीस वर्षं लातूरच्या या दवाखान्यात मी पोट तपासायच्या दुर्बिणीच्या नळ्या धुतोय, आता लोकांची मनंही मीच तपासायची. म्हटलं, बरं.

लुंबिनी हदगावची. डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला खोली करून राहिलेली, दुसरा प्रयत्न. आठ महिने पोट दुखत होतं, आणि दुर्बीण, सोनोग्राफी, रक्त सगळं साफ. तिची आई सरजाबाई सकाळच्या एसटीने आली होती आणि पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. कागदावर कुठेच काही निघालं नाही. पोरगी हुशार, कुठे काय उत्तर द्यायचं ते तिला बरोबर कळत होतं.

मग माझ्या तोंडून कागदात नसलेला प्रश्न गेला. “जेवताना सोबत कोण असतं, माय?”

तिने वर पाहिलं. “कुणी न्हाई, काका. मेसचा डबा येतो. पुस्तक समोर ठेवून खाते.” मग हळूच म्हणाली, “कधी कधी टाकून देते.” आणि रडायला लागली. सरजाबाईने पिशवी खाली ठेवून तिला जवळ घेतलं. मी कागद उलटा केला आणि पाठीमागे लिहिलं, एकटी जेवते.

हा प्रश्न माझा नाही. अठरा वर्षांचा होतो तेव्हा मी नांदेडला एका हकीमसाहेबांकडे पुड्या बांधायला होतो. म्हातारा नाडीवर बोटं ठेवून डोळे मिटायचा आणि पोटाच्या प्रत्येक रोग्याला विचारायचा, “खाना किसके साथ खाते?” मला वाटायचं, उगाच टाइमपास. एकदा विचारलंच, तर म्हणाले, “फिकर पेट में पकती बेटा, धुआँ सिर कू चढता.” त्यांच्या जुन्या किताबांत या दुखण्याला नावही होतं, मराक. हजार वर्षांपासून लिहून ठेवलंय, असं ते अभिमानाने सांगायचे.

पंच्याण्णव साली मी इथे लागलो तेव्हा सुदर्शन डॉक्टरही अल्सरवाल्याला सांगायचे, टेन्शन घेऊ नका. मी मधूनच हकीमसाहेबांचा प्रश्न विचारून घ्यायचो, ते हसून सोडून द्यायचे. मग दोन-चार वर्षांत अल्सरच्या जंतूचं औषध आलं. चौदा दिवस गोळ्या घेतल्या की माणूस ठणठणीत. खरंच बरे व्हायचे, खोटं कशाला बोलू. एक दिवस डॉक्टरांनी मला बजावलं, गुंडप्पा, लोकांच्या घरच्या चौकशा आता बंद, जंतू आहे की नाही एवढंच बघायचं. मी बंद केलं. त्यानंतर मी तो प्रश्न कुणालाच विचारला नाही, आणि घरी तर नाहीच नाही.

माझी सृष्टी अकरावीत गेली तेव्हा मीच ठरवलं, हिला डॉक्टर करायचं. माझा जन्म नळ्या धुण्यात गेला, निदान पोरीने तरी दुर्बीण हातात धरावी. सगळ्यांबरोबर जेवायला बसली की अर्धा तास गप्पांत जातो, म्हणून शरणम्माला, माझ्या बायकोला, सांगितलं की हिचं ताट आतल्या खोलीत देत जा. तीन वर्षं ताट आत गेलं. पोट दुखतंय म्हणाली की माझं डोकं फिरायचं. दवाखान्यात आणून दुर्बीण केली, साफ निघाली. रिपोर्ट तिच्या तोंडासमोर धरून म्हणालो, बघ, काही न्हाई, नाटकं बंद कर. शरणम्मा सांगायची, अहो, पोरगी अर्धं ताट परत पाठवून राहिली. मी म्हणायचो, ॲसिडिटीची गोळी दे.

दोन्ही वेळा मेडिकलला नंबर लागला नाही. आता ती नांदेडला एका लॅबमध्ये कामाला आहे. दोन-तीन महिन्यांनी येते, आईशी तासन्‌तास बोलते, माझ्याशी कामापुरतं. आणि जेवायची वेळ झाली की आपलं ताट वाढून घेऊन आतल्या खोलीत जाते. ‘आता बाहेर बस’ असं तिला कुणी म्हटलंच नाही. म्हणायला मीच हवा होतो.

डॉक्टरांनी लुंबिनीचा कागद उलटून पाहिला. मग सरजाबाईला म्हणाले, औषध देतो, पण महिनाभर तुम्ही हिच्याजवळ राहा आणि दोघी मिळून जेवा. माझ्याकडे वळून म्हणाले, प्रश्न चांगला आहे, पुढच्या वेळी छापून घेऊ. आपणच तो बंद केला होता, हे ते विसरले होते. मला राग आला, पण त्यांच्यावर किती काढणार? तो रिपोर्ट लेकीच्या तोंडासमोर मीच धरला होता.

सरजाबाई जाताना काउंटरजवळ थांबली. “दादा, खरं सांगा. हिचा बाप म्हणतो सोंग हाय.”

“खरं दुखणं हाय, ताई,” मी म्हणालो. “रिपोर्टात दिसत न्हाई, एवढंच.”

परक्या बाईला किती सहज सांगितलं मी.

त्या दिवशी शनिवार होता, सृष्टी आलेली होती. संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे ताट घेऊन आत गेली. मी माझं ताट उचललं आणि तिच्या मागे गेलो. ती टेबलाशी बसली होती, समोर भिंतीवर अजून अभ्यासाच्या दिवसांतला तोच मूलद्रव्यांचा तक्ता. मी खाली फरशीवर मांडी घातली. शरणम्मा भाकरीचं टोपलं घेऊन दारातच थांबली. घरी येताना वाटेत बरंच काही बोलायचं जुळवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

“सृष्टी, तुझं पोट दुखायचं ते खरं होतं.”

तिने तोंडातला घास चावून संपवला. “मला माहीत होतं, अप्पा.”

थोड्या वेळाने ती खुर्चीवरून उठली, ताट खाली आणलं आणि माझ्या समोर बसली. तिचं जेवण माझ्या आधी संपलं. पण ती उठली नाही, हात वाळवत बसून राहिली. मी शरणम्माकडे आणखी अर्धी भाकरी मागितली.