पुलापलीकडचा दिवा

सकाळपासून विभाच्या हातांना घाम सुटत होता. आइचीच्या एक्स्पोत आज नेदरलँड्सचा दिवस. ओसाकाचे ओगावा-सान मंचावर नागासाकीची जुनी गोष्ट गाऊन सांगणार आणि डच पाहुण्यांसाठी तिचा अर्थ पडद्यावर ओळीओळीनं उमटणार. ओळ पुढे सरकवायचं बटण विभाकडे.

"हे नीट झालं, तरच पुढच्या वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट," मॅनेजर शिरीषनं बजावलं होतं. नाहीतर परत पुणं. एदोगावाच्या शाळेत आत्ता कुठे रुळलेला तिचा मुलगा पियुष हे ऐकून जेवलाच नव्हता.

आणि ओगावा-सान! प्रत्येक तालमीत वेगळे शब्द.

"जरा स्क्रिप्टप्रमाणे गाल का?" तिनं विनवलं.

म्हातारा हसला. "विभा-सान, लोक बघितल्याशिवाय कसं ठरवू?"

सांगलीच्या राममंदिरातले कीर्तनकार बुवा अगदी हेच म्हणायचे. तेव्हा केवढी गंमत वाटायची. आज तिनं स्क्रिप्ट पुन्हा एकदा चाळली.

शामिसेनची तार वाजली. गोष्ट अशी, की देजिमा बेटावर एक डच वैद्य आहे. पलीकडे नागासाकीत दुभाष्याची मुलगी तापानं फणफणलीय. मध्ये पूल, पण परवानगीशिवाय ओलांडायचा नाही. वैद्य आपला खिडकीतून तिच्या घराकडे बघत बसतो. दर वळणावर पालुपद येतं, 'पुलापलीकडे दिवा आहे, अजून आहे.'

सुरुवातीला जमलं. मग पहिल्या रांगेतलं एक डच बाळ रडायला लागलं. ओगावा-सान थांबले, वाकले आणि त्या बाळालाच दुभाष्याची मुलगी करून अंगाई गाऊ लागले. स्क्रिप्टमध्ये अंगाई नव्हतीच! पडद्यावर होतं, 'पहारेकऱ्यानं तलवार उपसली.' बाळाची आई घाबरून उठली.

हेडफोनमध्ये शिरीष ओरडला, "विभा, पुढची दे! अगं, मागची दे! काहीतरी दे!"

कुठली देणार? बुवा कितीही लांब गेले, तरी फिरून धृपदावर यायचेच. म्हणून तर टाळकरी निवांत असायचे. 'रामराया, यांनाही परत आण रे,' ती पुटपुटली. पालुपदाची ओळ लावून तिनं बटणावरचा हात काढला.

"हँग झालं का?"

"नाही. मीच थांबवलंय."

"वेड लागलंय का तुला? क्लायंट मुराता-सान इथेच उभेयत!"

अंगाई लांबतच चालली. विभाला एका जागी उभं राहवेना. नाहीच आले परत तर? बाळाची आई उभ्याउभ्या तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती.

शामिसेनवाल्या बाईंनी मान वर केली, एक तार छेडली. ओगावा-सान ताठ झाले, हातातला पंखा मेजावर आपटला आणि पालुपद उचललं. पाहुणे पडद्याकडे बोट दाखवून हसले. पुढच्या खेपेला तर ते आपल्या भाषेत मोठ्यानं म्हणू लागले. बेसूर, पण अगदी वेळेवर. आई बाळाला घेऊन खाली बसली.

खेळ संपताच मुराता-सान आले. शिरीष माफी मागत घाईघाईनं वाकला. "सुमिमासेन, सॉफ्टवेअर अडकलं—"

"सॉफ्टवेअर ठीक होतं," विभा म्हणाली. "ओळ मी अडवली."

मुराता-सानांनी मान तिरकी करून दातांतून श्वास ओढला. इथल्या मीटिंगांमध्ये हा आवाज म्हणजे नकार. विभाला पियुषचं ताट दिसलं.

"संध्याकाळच्या खेळालाही अडवाल का?" ते म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी ओसाकाला? तेव्हाही तुम्हीच असाल ना?"

"हाय! हाय!" तिच्याआधी शिरीषच होकार देऊन गेला.

विभा मंचामागे धावली. "ओगावा-सान, संध्याकाळी ते बाळ नसेल. मग कुठे वळाल?"

ओगावा-सान चहावर फुंकर घालत होते. "लोक तर येऊ देत."

तिच्या हातांना पुन्हा घाम सुटला.