स्क्रू नसलेलं मशीन

आमच्या बँडची सुपारी मी घेते. मालक सूर सांभाळतात, थोरला पोरगा बादशहा ट्रम्पेट फुंकतो नि माणसं सांभाळतो आणि तोंड मी सांभाळते, कारण तोंडाचं काम या घरातल्या पुरुषांना जमत नाही. दुसरी यत्ता शिकले, तीही अर्धी. पण कुणाची वरात कुठल्या रस्त्यानं जाणार आणि कुठल्या पावण्यांनी मागच्या खेपेला वाजवणाऱ्यांच्या ताटात हात आखडता घेतला होता, हे मला कधी कागदावर उतरवावं लागलं नाही. लोक सुपारी द्यायला येतात ते “खैरुनबी हाय का घरात?” असं विचारतच येतात.

मालक म्हणजे फक्रुद्दीन मास्तर. मिशी फुटायच्या आधीपासून क्लॅरिनेट वाजवतात. आमच्या बँडची रीत अशी की वरात निघायच्या आधी क्लॅरिनेटनं एक लांब सूर द्यायचा, बाकीच्यांनी आपापली पितळं त्या सुराला लावून घ्यायची, आणि मगच पहिलं गाणं. सूर देतो तो मास्तर. वरातीत त्याच्या पुढं फक्त रस्ता असतो.

अठ्ठ्याऐंशीच्या लग्नसराईआधी ही रीत मोडायची वेळ आली होती, आणि मोडणारा माझ्याच पोटचा होता.

झालं काय, की आमचा टेपरेकॉर्डर रडायला लागला. नवीन सिनेमातली गाणी आमची माणसं त्याच्यावरनंच ऐकून उचलतात, त्यामुळं तो रडला की बँड रडला. बादशहा तो घेऊन मेस्त्रीकडं गेला. टेपाच्या आत वेग कमी-जास्त करायचा एक बारीक स्क्रू असतो. मेस्त्री तो फिरवत गेला आणि हा शहाणा शेजारी उभा राहून अजून, अजून म्हणत राहिला. गाणं उड्या मारायला लागलं तेव्हा बस्स म्हणाला. घरी येऊन मलाच सांगतो, आता बघ कसं तरतरीत वाजतंय.

मालकांनी पहिल्याच दिवशी ऐकून सांगितलं की टेप चढलाय, वेग वाढला तसा सूरही वर गेलाय, तो स्क्रू मागं घ्या. कुणी ऐकलं नाही. ट्रम्पेटवाल्यांनी आपल्या नळ्या आत ढकलल्या आणि टेपाचा सूर गाठला. क्लॅरिनेटला तेवढी ढकलायला जागा नसते. ते जिथं होतं तिथंच राहिलं, म्हणजे खरं तर बरोबर जागी राहिलं. पण तालमीला दहाजणं वर आणि एकटा म्हातारा खाली, तर ऐकणारा म्हाताऱ्यालाच नावं ठेवणार.

आणि नावं ठेवली ती बादशहानं. सगळ्या माणसांदेखत.

“अब्बा, कान गेल्यात तुमचं. यंदा तुम्ही मागनं चाला. सूर ज्ञानू दील.”

ज्ञानू आमचा मुख्य ट्रम्पेटवाला. चांगला माणूस आहे. त्यानं मान खाली घातली. मालकांनी क्लॅरिनेट पुसलं, पेटीत ठेवलं, पेटीवर कापड टाकलं. मला बोलला असता तर मी हातातल्या उलथन्यानं उत्तर दिलं असतं. पण या माणसाला उत्तर द्यायचं ते वाजवूनच देता येतं, आणि तेच तर त्याच्याकडनं काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालक गुपचूप आळीतल्या भजनी मंडळात गेले. तिथं सयाजीची हार्मोनियम आहे, तिला सूर लावून बघितला. तंतोतंत बसला. सयाजी स्वतः आमच्या दारात येऊन तसं सांगून गेला. बादशहा हसला. म्हणाला, पेटी म्हातारी, सयाजीमामा म्हातारा, आमचा बाप म्हातारा. म्हातारा म्हाताऱ्याचीच साक्ष देणार.

त्या हसण्यावर माझं डोकं फिरलं ते फिरलंच. मी ठरवलं, साक्षीदार तरणा पाहिजे काय? आणते.

त्याच सुमाराला कसबा बावड्याहून सुपारी आली. साखर कारखान्यातल्या सिद्धलिंग साहेबांच्या मुलीचं लग्न. माणूस गाण्याचा शौकीन. वरातीची वेळ ठरवायला मी त्यांच्या नव्या बंगल्यावर गेले, तर साहेबांनी पहिला प्रश्न हाच विचारला की क्लॅरिनेट फक्रुद्दीन मास्तरच वाजवणार ना. मी म्हटलं, दुसरं कोण वाजवणार. शब्द देऊन बसले. आता तो पाळायचा की तोंड काळं करायचं, एवढाच प्रश्न उरला.

चहा येईपर्यंत त्यांची बायको महादेवी अक्कांनी कपाटावरचं एक चपटं यंत्र सुरू केलं. भाच्यानं परदेशातनं आणलेला सीडी प्लेअर. आरशासारखी चकचकीत तबकडी त्यांनी दोन बोटांनी कडेला धरून आत सरकवली, आणि मी हातातली बशी खाली ठेवली. बाई, खरखर नाही, हिस्स नाही. सारंगीवाला गज परत फिरवताना जो बारीकसा थांबतो, तेवढंही ऐकू आलं. पितळी वाद्यांच्या गलक्यात माझा जन्म गेलाय. स्वच्छ आवाज म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.

पण मी गाण्यावर भाळून घर चालवणारी नव्हे. मी साहेबांना विचारलं, याचा वेगाचा स्क्रू कुठाय?

साहेब हसले नाहीत, म्हणून मला ते आवडले. म्हणाले, “स्क्रू न्हाईच ह्याला, खैरुनबी. आत एक खडा असतो, घड्याळात असतो तसा. वेग तो ठरवतोय. वीज कमी होऊ दे, जास्त होऊ दे, मेस्त्रीचा बाप येऊ दे, सूर हलायचा न्हाई.”

झालं. मला पाहिजे होतं ते मिळालं. त्यांच्याच मशीनवर निकाल लावता आला असता, पण आपल्या घरची भांडणं लोकांच्या दिवाणखान्यात नेऊन सोडवायची नसतात. शिवाय माझा धाकटा मौला दुबईहून रजेवर यायचाच होता.

शेजारच्या दुकानात त्याचा फोन आला तेव्हा बादशहा माझ्या आधी धावला. त्याला पाहिजे होता दोन कॅसेटींचा, लाल-हिरवे दिवे नाचणारा, गल्ली हादरवणारा टेप. मी त्याच्या हातातनं फोन काढून घेतला आणि मौलाला सांगितलं, दिवे मोहरमला बघू. तू सीडी प्लेअर आण. वेगाचं बटण, चक्री, स्क्रू, काहीही असलं तर ते मशीन दुकानातच ठेव. सोबत घरात शोभतील असे दोन लाकडी स्पीकर आण, आणि यंदा ज्या सिनेमाच्या गाण्यांची सगळीकडं मागणी आहे त्याची तबकडी. तीच गाणी, जी आपल्या कॅसेटवर आहेत. पोरगा म्हणाला, दुकानदार विचारतील कुठली कंपनी. मी म्हटलं, कंपनी त्यांना पाहिजे ती सांगू दे, तू गाणं लावून डोळे मिटून ऐक, आणि गाणारा समोर बसल्यासारखा वाटला तर पैसे दे.

मौला आला, खोकं उघडलं. बादशहानं लगेच वरातीच्या गाडीवरचे भोंगे ओढत आणले, म्हणे यावर लावू. मी ते परत पाठवले. भोंगा लांबच्या माणसाला बोलवायला असतो, जवळच्याला ऐकवायला नाही. अँप्लिफायर तेवढा गाडीवरचा घेतला. सून मेहमुदा नजर लागू नये म्हणून उदाची धुपाटणी फिरवायला आली. तिला म्हटलं, अगं, याचा तबकडी वाचणारा डोळा आत आहे आणि तो काजळ घालून बघत नाही, धूर उंबऱ्याबाहेर फिरव. बिचारी बाहेर जाऊन सगळ्या अंगणाची नजर काढून आली.

मौलानं स्पीकर पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवले. लावल्याबरोबर ट्रंकच गायला लागली. मग भिंतीला टेकवून ठेवले, तर ढोल पिंपात बडवल्यासारखा घुमायला लागला. शेवटी मी जमिनीवर बसले आणि सांगत गेले तसं त्यांना हलवत नेलं. भिंतीपासून हातभर पुढं, जड लाकडी पाटांच्या चळतीवर, बसलेल्या माणसाच्या कानाइतके उंच, तोंडं जरा एकमेकांकडं वळवून. मधल्या जागी मालकांची घोंगडी टाकली. बादशहानं तबकडी उचलली ती नेमकी चकचकीत बाजूवर अंगठा देऊन. मी ती काढून घेतली, मऊ धोतराच्या तुकड्यानं मधून कडेकडं पुसली आणि कडेला धरून परत दिली. “भाकरी न्हाय ती.”

तालमीची माणसं जमलीच होती. मी सगळ्यांना आत बोलावलं. आधी बादशहाला त्याचा टेप लावायला सांगितलं. त्याच्यावर ट्रम्पेटं बसली, ठीक. मालकांनी पेटी उघडली, दोन फुंकरी मारून क्लॅरिनेट ऊन केलं आणि तोच सूर दिला. खाली पडला. बादशहानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, आता तबकडी लाव.

तेच गाणं. पण जणू पळून दमलेला माणूस सावलीला येऊन बसला. गाणाऱ्या बाईचा आवाज बाईचा झाला, आधी तो पोरीचा वाटत होता. मालक काही वेळ नुसते ऐकत राहिले. मग क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि तिच्या पहिल्या लांब सुराच्या पोटात आपला सूर घातला. कुठला तिचा आणि कुठला यांचा, ते कळेना. मेहमुदा दारात धुपाटणी हातात धरून तशीच उभी राहिली.

मी ज्ञानूला खूण केली. त्यानं ट्रम्पेट उचललं, वाजवलं, आणि असा बेसूर आवाज निघाला की त्याचे त्यानंच दात आवळले.

बादशहा गप्प बसणाऱ्यातला नाही, माझाच पोरगा. म्हणाला, “मशीनच उतरलेलं आलंया. जपानी हाय म्हणून काय चुकत न्हाय व्हय?”

मौला त्याला आतल्या खड्याचं सांगायला लागला. मी त्याला थांबवलं. मशीन बंद करून बादशहाच्या मांडीवर ठेवलं.

“उलटं-पालटं करून बघ. वेगाचा स्क्रू घावला तर तू खरा, तुझा बाप खोटा, आणि बावड्याची वरात ज्ञानूच्या सुरावर. म्हातारी साक्ष नको हुती न्हवं तुला? ही घे तरणी.”

त्यानं खरंच बघितलं. मागं बघितलं, खाली बघितलं, नखानं चाचपलं. झाकणाचे स्क्रू होते, ते चार त्यानं मोजल्यासारखं केलं आणि सोडून दिले. मग त्यानं आपला टेप जवळ ओढला, आतला स्क्रू हुडकला आणि तबकडी पुन्हा लावायला सांगितली. एका कानानं तबकडी, एका कानानं टेप, असं करत तो स्क्रू मागं घेत गेला. दोन्ही आवाज एक झाले तिथं त्याचा हात थांबला. तिथं मालकांचं क्लॅरिनेट आधीच उभं होतं.

कुणी टाळी वाजवली नाही. ज्ञानूनं ट्रम्पेटची नळी बाहेर ओढली. त्याच्या मागं एकेकानं ओढली. बादशहा स्वतःचं ट्रम्पेट घेऊन बापासमोर येऊन उभा राहिला आणि थोडा वेळ ते उगीच पुसत राहिला.

“अब्बा,” तो म्हणाला, “सूर द्या.”

मालकांनी दिला. मी आत जाऊन चहा टाकला, आणि साखर घालताना हात आखडला नाही.

बावड्याच्या वरातीला मी मुद्दाम गेले, नवी चोळी घालून. महादेवी अक्कांनी मला मांडवात पाहुणी म्हणून पुढं बसवलं होतं. वरात निघायची वेळ झाली तशी मी उठून फाटकात आले. सिद्धलिंग साहेबही आले. कारखान्याच्या रस्त्यावर माणसंच माणसं, मधे आमचा बँड, आणि सगळ्यांत पुढं फक्रुद्दीन मास्तर, पुढं फक्त रस्ता. त्यांनी सूर दिला. इतका लांब दिला की नवरदेवाची घोडीसुद्धा कान टवकारून थांबली. पितळं एकेक करून त्या सुराला येऊन मिळाली. साहेब डोळे मिटून ऐकत होते. मी मिटले नाहीत, मला सगळं बघायचं होतं.

बादशहाची नळी अजून केसभर आत होती. मालकांनी सूर न सोडता नुसती भुवई उचलली. त्यानं नळी ओढली, आणि वरात निघाली.